तानपुऱ्याची जवारी फोनमधून ऐकू येईपर्यंत

हेडफोनची पिन लावायची सोय नसलेला अँड्रॉइड फोन, सी-पोर्टात लागणारा बोटभर डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारा तुकडा), तारेचे इअरफोन आणि कपाटातल्या शास्त्रीय संगीताच्या सीड्या, एवढ्या सामानावर मी फोनला घरातलं मुख्य वाजवायचं साधन केलं. सीडीवर जे आकडे आहेत तेच डॅकपर्यंत पोचावेत, वाटेत फोनने त्यांना हात लावू नये, हे ठरवून कामाला लागलो. हात कुठे कुठे लागतो ते शोधणं हेच यातलं निम्म्याहून जास्त काम आहे.

पारखायला मी तानपुरा धरला. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार, नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार उमटतो आणि त्यावर वरच्या स्वरांशांची एक झळाळी सतत फिरत राहते. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापलेलं असतं, आणि जे उरतं तेही बारीक आवाज गाळून बसवलेलं. अशा फाइलीत तानपुरा नुसता गुणगुणतो. गवयाचा आवाज ठीक वाटतो, तबलाही ठीक वाटतो, पण मागची ही झालर विझलेली असते. म्हणून काहीही बदललं की मी आधी आलापाच्या सुरुवातीची दोन मिनिटं ऐकतो.

पहिलं काम सीड्या उतरवण्याचं. लॅपटॉपला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडून ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर ‘सिक्युअर’ मोडमध्ये वापरलं. साधं सॉफ्टवेअर ओरखड्यापाशी अंदाजाने भरणा करून पुढे जातं. सिक्युअर मोड तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून उत्तरं जुळतात का ते पाहतो. ‘अॅक्युरेटरिप’ चालू ठेवलं तर इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी तुमची प्रत ताडून मिळते. मात्र छोट्या मराठी कंपन्यांच्या सीड्या त्या यादीत बरेचदा नसतात. तिथे ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरायचं: सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, एकच आला तर प्रत बरोबर समजायची. आकडे वेगळे आले की सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही. त्याने भागलं नाही तर दुसरा ड्राइव्ह लावून पाहायचा. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसऱ्याने निमूट वाचल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

फाइलींसाठी फ्लॅक हा फाइलप्रकार निवडला. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला), १६ बिटचा असतो, म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट, मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी. फ्लॅक त्यातला एक बिटही न गमावता आकार साधारण निम्म्याच्या आसपास आणतं. सत्तर मिनिटांची ख्यालाची सीडी मला चारशे एमबीच्या आगेमागे पडते, आणि १२८ जीबीच्या कार्डावर तीनशेच्या जवळपास सीड्या मावतात. फ्लॅकमध्ये ० ते ८ असे दाबण्याचे स्तर आहेत. आवाज सगळ्यांत तोच असतो, फरक फक्त आकारात आणि लागणाऱ्या वेळेत. ५ पुरे.

नावांच्या बाबतीत घाई करू नका. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्ये असतात, त्यामुळे देवनागरी बिनधास्त चालते. जुन्या एमपीथ्रीमध्ये ती कधी कधी प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसते. ‘एमपीथ्री-टॅग’ या सॉफ्टवेअरने मी गायक ‘आर्टिस्ट’मध्ये आणि राग ‘जॉनर’मध्ये भरला. पाश्चात्त्य अल्बमसाठी बनवलेल्या या रकान्यांत रागाला जागाच नाही, पण ‘जॉनर’मध्ये राग भरल्यामुळे संध्याकाळी एका टिचकीत घरातले सगळे यमन समोर येतात.

विकत किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या फाइली मात्र तपासून घ्याव्या लागतात. एमपीथ्रीवरून परत फ्लॅक बनवता येतं. नाव फ्लॅक, आकार फ्लॅकचा, गेलेलं मात्र गेलेलंच. ‘स्पेक’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की स्वरपट्टाचं चित्र दिसतं. १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ असेल तर ती १२८ केबीपीएसची एमपीथ्री होती. ३२० ची असेल तर कात्री २० च्या आसपास दिसते. फक्त एक लक्षात घ्या: ७८च्या तव्यावरून घेतलेल्या किंवा जुन्या टेपच्या ध्वनिमुद्रणात वर मुळातच फारसं काही नसतं. तिथे पट्टा हळूहळू विरतो, कापलेला दिसत नाही. आणि अशा ध्वनिमुद्रणाची २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची आवृत्ती घेऊन जागा अडवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता डॅक, ज्याला दुकानात सगळे डोंगल म्हणतात. इथे पहिला घोटाळा होतो. सी-पोर्टातून ३.५ मिमीची पिन काढणारे तुकडे दोन जातींचे असतात. एकात डॅकची चिप असते. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि फोनने स्वतः अॅनालॉग आवाज पोर्टावर सोडावा अशी त्याची अपेक्षा असते. फार थोडे फोन तसं करतात. बाकीच्यांत हा तुकडा लावला की काहीच होत नाही आणि माणूस पोर्ट बिघडलं म्हणून दुकान गाठतो. पाकिटावर ‘डॅक’ हा शब्द आणि बिट-किलोहर्ट्झचे आकडे असतील तरच घ्या.

किती ताकदीचा घ्यायचा ते इअरफोनवर ठरतं. कानात बसणारे १६ ते ३२ ओहमचे इअरफोन एक व्होल्टच्या डोंगलवर कानाला सोसणार नाही इतके मोठे वाजतात. त्यांना दोन-चार व्होल्टचा डोंगल लावला तर शांत आलापात मागे ‘स्स्स’ असा फुसकारा येण्याचीच शक्यता जास्त. ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर मात्र दोन व्होल्ट तरी हवेत. डोंगलचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा ओहममधला अवरोध, इअरफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमला २ ओहमच्या आत. तो जास्त झाला तर अनेक ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनचा स्वरतोलच बदलतो. चिपच्या नावावर जास्त पैसे घालवू नयेत. हल्लीच्या स्वस्त चिपही सीडीच्या गरजेला पुरून उरतात. तेच पैसे इअरफोनमध्ये घातले तर फरक लगेच ऐकू येतो.

डोंगल लावला आणि आवाज फोनच्याच स्पीकरवर आला, तर तीन जागा बघायच्या. काही फोनांत सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) वेगळं चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंदही होतं. डेव्हलपर ऑप्शन या सेटिंगमधल्या एरवी लपलेल्या यादीत ‘डिसेबल यूएसबी ऑडिओ राउटिंग’ चुकून चालू झालेलं असलं तरी आवाज वळत नाही. तिसरी जागा वायर: डॅक वेगळ्या तारेने जोडायचा असेल तर ती तार डेटा नेणारी हवी, फक्त चार्जिंगची नको.

यानंतरचा टप्पा डोळ्यांना दिसत नाही, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. अँड्रॉइडला एकाच वेळी गाणं, मेसेजचा टिंग आणि नकाशाचा आवाज मिसळावा लागतो. म्हणून तो सगळं एका मिक्सरमध्ये ओततो, आणि हा मिक्सर बहुतेक फोनांत ४८ किलोहर्ट्झवर चालतो. आपली ४४.१ ची सीडी तिथे नव्याने मोजली जाते. याने गाणं खराब होतं असं मी म्हणणार नाही. चांगल्या फोनांत हे रूपांतर नीट होतं आणि डोळे मिटून फरक सांगणं अवघड जातं. खरा त्रास त्याच वाटेवर बसलेल्या बाकीच्यांचा: डॉल्बी अॅटमॉस, ‘कानाला जुळवून घेणारा’ आवाज, बास बूस्ट, इक्वलायझर. सिस्टीम अपडेटनंतर यातलं एखादं परत चालू झालेलं सापडतं. तानपुरा अचानक डावी-उजवीकडे पसरलेला, हॉलमध्ये वाजल्यासारखा वाटला की आधी तिथे बघा.

मिक्सर टाळायचा तर दोन मार्ग आहेत. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅकला बिट-परफेक्ट, म्हणजे एकही आकडा न बदललेला, आवाज पाठवायची सोय सिस्टीममध्येच आहे, पण फोनने आणि अॅपने दोघांनी ती स्वीकारलेली असावी लागते. दुसरा मार्ग ‘यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो’सारख्या विकतच्या अॅपचा. त्यात यूएसबीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, तो डॅक थेट ताब्यात घेतो. डोंगल लावल्यावर फोन परवानगी विचारतो, ती द्यायची आणि अॅपच्या यूएसबी सेटिंगमध्ये बिट-परफेक्ट चालू करायचं. गाणं वाजताना अॅप ४४.१ दाखवत असेल तर काम झालं. मग मेसेजचे आवाज फोनच्या स्पीकरवर जातात, गाण्यात घुसत नाहीत. गाण्याच्या स्ट्रीमिंग अॅपचा आवाज मात्र सहसा सिस्टीमच्या मिक्सरमधूनच येतो, फाइल लॉसलेस (फ्लॅकसारखी काहीही न गमावलेली) असली तरी.

इथे एक सावधगिरी. बिट-परफेक्टमध्ये अॅप आवाज कमी करत नाही. डॅकमध्ये स्वतःचा व्हॉल्यूम नसेल, किंवा अॅपला तो सापडला नाही, तर पहिलाच स्वर पूर्ण ताकदीने येतो. म्हणून पहिल्यांदा वाजवताना इअरफोन कानात नको, हातात हवेत. अॅपच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर व्हॉल्यूम’ चालू करा, बटणाने आवाज खालीवर होतोय याची खात्री करा आणि मगच कानात घाला.

उलट तक्रारही येते: डोंगल लावला पण आवाज फारच कमी. डोंगलचा आतला व्हॉल्यूम आणि फोनचा व्हॉल्यूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही डोंगल जोडल्यावर आतला व्हॉल्यूम खालीच राहतो, अँड्रॉइड तो वर नेत नाही आणि फोनचा पट्टा शंभर टक्के करूनही गाणं पुटपुटल्यासारखं येतं. हार्डवेअर व्हॉल्यूम हाताळणारं अॅप त्याच डोंगलमधून पूर्ण आवाज काढतं, त्यामुळे डोंगल परत करायच्या आधी हे करून पाहा. सॉफ्टवेअरने आवाज कमी केला तर दर सहा डेसिबलला साधारण एक बिट खर्च होतो. फोनकडून डॅकला २४ बिट जात असतील तर त्याची काळजी नको.

आणखी दोन खिळे ठोकायचे राहतात. बॅटरी सेटिंगमध्ये अॅपवरचं बंधन काढायचं, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन अॅपला झोपवतो आणि द्रुत लयीत तान तुटते. ‘गॅपलेस’ चालू ठेवायचं, कारण बऱ्याच सीड्यांत विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असले तरी गाणं सलग असतं, आणि समेवर येताना अर्ध्या सेकंदाची फट फार बोचते.

दोन डोंगलांत किंवा दोन अॅपांत तुलना करायची तर आवाजाची पातळी एक हवी. जरा मोठं वाजणारं नेहमी जास्त चांगलं वाटतं, कान यात हमखास फसतात. मी १०० हर्ट्झचा सूर वाजवून, इअरफोन जोडलेले ठेवून, एकाचे दोन करणाऱ्या पिनेवर (स्प्लिटर) साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजतो आणि दोन्हीकडे तोच आकडा आणतो. सूर १,००० हर्ट्झचा घेऊ नका, स्वस्त मल्टिमीटर तिथे भरवशाचे राहत नाहीत. पातळी जुळवल्यावर दोन चांगल्या डोंगलांतला फरक बहुतेक वेळा नाहीसाच झाला.

इअरफोनच्या टोकाच्या रबरी टिपा बदलल्यावर मात्र जो फरक पडला तो कशानेच पडला नाही. टीप सैल असेल तर खालचे स्वर बाहेर गळतात. त्याची खूण डग्ग्यावर मिळते. घिस्सा मारल्यावर घुमारा वर चढताना ऐकू आला पाहिजे, नुसता ‘थप्’ आला तर टीप एक माप मोठी घ्या. दोन कानांना दोन मापं लागू शकतात, त्यात चूक काही नाही.

ब्लूटूथ मी चालताना वापरतो. एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची एक पद्धत, डॅकशी संबंध नाही) असेल तर डेव्हलपर ऑप्शनमध्ये ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएस असे पर्याय मिळतात. ९९० घरात ठीक चालतं, पण गर्दीच्या लोकलमध्ये २.४ गिगाहर्ट्झची हवा इतकी भरलेली असते की आवाज तुटतो. तिथे ६६० वर ठेवावं. सीडीचे १,४११ त्यातल्या कशातच मावत नाहीत, त्यामुळे बिट-परफेक्टचा प्रश्न इथे येत नाही. आयफोनवर एलडॅक नाही, तिथे एएसी ही दुसरी पद्धत आहे.

घरच्या अॅम्प्लिफायरला जोडताना डोंगलमधून ३.५ मिमी ते दोन आरसीए अशी वायर, डोंगलचा आवाज पूर्ण आणि अॅम्प्लिफायरवर हवा तेवढा, हे जुळतं. इथे फोन चार्जिंगला लावला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घुरघुर येऊ शकते. ती चार्जरमार्गे घरच्या विजेतून येते, डोंगलचा त्यात दोष नसतो. चार्जर काढून पाहा, घुरघुर थांबली तर निदान झालं. मी ऐकायला बसायच्या आधी फोन भरून घेतो, फ्लाइट मोडवर टाकतो आणि चार्जर भिंतीतूनच काढून ठेवतो.