कारण नको, तारीख द्या

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि शक्यतो १५० शब्दांत असावा, असा २०१२ पासूनचा नियम आहे. मी कॉलेजात सांख्यिकी शिकवते, शब्द वाचवायची सवय आहे, तरी माझा पहिला मसुदा साडेतीनशेच्या घरात गेला. तीन रात्री काटछाट केली. विशेषणं गेली, 'संशोधनाच्या व्यापक हितासाठी' गेलं. राहिली ती फक्त मागणी, आणि तीच चुकीची होती. पण हे कळायला काही महिने लागले.

मला हवे होते नागपुरातले मार्च ते जून या महिन्यांतले मृत्यू, दहा वर्षांचे. पीएचडीचा विषय उष्णता आणि मृत्यू. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि नागपूरचं नाव देशभर झालं. संवेदक बिघडला होता, असं हवामान विभागाने लगेच स्पष्ट केलं. पण २०१३ च्या मे महिन्यातले ४७.९ तर खरेच होते ना. त्याच उन्हाळ्यात, २०२४ च्या, आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले काका दुपारी टेबलाजवळच कोसळले. मृत्यूचं कारण काय लिहिलं, तर 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. कोळशाची इस्त्री आणि वर पत्र्याचं छप्पर, याला त्या कागदावर जागा नव्हती. मला वाटलं, सगळ्या शहराच्या मृत्यूची कारणं एकदा चाळायला मिळाली तर उष्माघाताचा खरा आकडा शोधून काढीन.

अर्ज 'नमुना अ' मध्ये, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलं काय काय? नाव (दुबार नोंदी काढायला), वय, लिंग, पूर्ण पत्ता, मृत्यूची तारीख, ठिकाण, रुग्णालय, कारण, नोंदणी क्रमांक... एकूण चौदा रकाने. कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुलैत आवक शाखेत अर्ज दिला, पोच घेतली आणि निर्धास्त झाले.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. (तिसाव्या दिवसाची मुदत असली की एकोणतिसाव्याला उत्तर द्यायचं, हे शास्त्र बाबू लोकांनी फार वरच्या पातळीवर नेलेलं आहे.) नकाराला दोन आधार होते. एक, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती. हे अपेक्षित होतं. दुसरा आधार मी कधी वाचलाच नव्हता: जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १७. रजिस्टरातून मृत्यूचा उतारा कुणीही मागू शकतं, पण त्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे चौदापैकी ज्या एका रकान्यासाठी माझा सगळा आटापिटा होता, त्यालाच कायद्याने कुलूप लावलेलं.

त्या रात्री राग आला. आज तो राग बालिश वाटतो. आपल्या घरातलं माणूस क्षयाने गेलं की एचआयव्हीने की गळफास घेऊन, हे शेजाऱ्याने दहा रुपयांत काढून आणावं असं कुणाला वाटेल?

पण तेव्हा मी पहिलं अपील केलं. 'नमुना ब', वीस रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. भरपूर तयारी केली. कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा लागतो. सुनावणी अकरा मिनिटं चालली. अपिलीय अधिकारी सभ्य होते, चहा विचारला. मग म्हणाले, नावं वगळून, वर्गवारी करून द्यायची म्हणजे आम्हाला नवीन माहिती तयार करावी लागेल, आणि जी माहिती त्या स्वरूपात आमच्याकडे नाही ती तयार करून देण्याचं बंधन नाही. त्यांनी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला. घरी जाऊन वाचला. निकालात तसं खरंच आहे.

पुढचा रस्ता म्हणजे दुसरं अपील, नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. सगळ्यांनी सांगितलं, कर, हक्क आहे तुझा. मीही करणार होते. पण सुनावणीनंतर जिन्यात त्या शाखेतले मोठे बाबू भेटले. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेले, खिशात तीन पेनं. सुनावणीत फाइल धरून मागे उभे होते, तोंडातून चकार शब्द नव्हता. खाली टपरीवर गेल्यावर मात्र बोलू लागले.

"तुम्ही काय करून राहिल्या मॅडम? कारण तर साहेब देणारच नाहीत. अन् दिलं तरी काय कराल त्याचं? हृदय तर शेवटी सगळ्यांचंच बंद पडते."

मी म्हटलं, "तेच तर तपासायचं आहे."

"काय तपासाल? मी किती वर्षं झाली ते फॉर्म पाहून राहिलो. दवाखान्यातला असला तर नमुना ४, घरचा असला तर ४अ. जो डॉक्टर ड्यूटीवर असते तो लिहिते. ऊन लागून गेला असं लिहायला ताप मोजलेला पाहिजे, कोणी पाहिलेलं पाहिजे. घरी गेलेल्या म्हाताऱ्याचा ताप कोण मोजते?"

मी अर्धा चहा तसाच ठेवला. कारण हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी हे शिकवते! २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा एकूण मृत्यू नेहमीपेक्षा १,३४४ ने जास्त झाले, हा अभ्यास मी दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडते. तो आकडा कुणी मृत्यूची कारणं वाचून काढलेला नाही. त्या महिन्यात एकूण किती माणसं गेली आणि आधीच्या व नंतरच्या वर्षी त्याच दिवसांत सरासरी किती गेली, याची वजाबाकी आहे ती. उन्हाने माणूस मरतो तो हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, पक्षाघाताच्या नावाने मरतो. म्हणूनच कारण सोडून तारीख मोजायची असते. जो रकाना सर्वात गोपनीय होता तोच मला सर्वात कमी उपयोगाचा होता, आणि त्याच्यासाठी मी कायद्याशी भांडत बसले होते.

दुसरं अपील केलं नाही. ते चुकलं असंही अजून वाटतं अधूनमधून, कारण माझ्यामागून येणाऱ्याला आयोगाचा एखादा निर्णय हाताशी आला असता. पण मला आकडे हवे होते, निर्णय नको होता.

घरी येऊन चौदा रकान्यांपुढे एकेक प्रश्न लिहिला: हे नसलं तर माझं काय अडेल? नाव गेलं. रुग्णालय गेलं. कारण गेलं. नोंदणी क्रमांकही गेला, कारण त्यावरून माणूस सापडतो. वयाऐवजी वयोगट. उरले सहा: मृत्यूची तारीख, वयोगट, लिंग, घरी की दवाखान्यात, झोन, आणि मृत व्यक्ती शहरातली की बाहेरची.

हा शेवटचा रकाना मात्र सोडता येईना. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. मेडिकल आणि मेयो या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत अख्खा विदर्भ येतो, शिवाय छिंदवाडा, बालाघाट. गोंदियातून हलवलेला पेशंट इथे गेला तर तो नागपूरच्या आकड्यात. त्याला कुठलं ऊन लागलं होतं हे नागपूरच्या तापमानावरून कसं सांगणार? आणि शहरातला की बाहेरचा हे ठरवायला पत्ता लागतो, जो मला दिसता कामा नये. तोड बाबूंनीच काढली. त्यांचा ऑपरेटर पत्त्यातला पिन पाहील. ४४० ने सुरू होत असेल तर 'श', नसेल तर 'बा', पिनच नसेल तर 'अ'. मला फक्त अक्षर मिळेल. अगदी काटेकोर नाही, पण चालण्यासारखं.

आता हा माहिती अधिकाराचा अर्ज राहिला नव्हता. प्राचार्यांच्या सहीने, संस्थेच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांना संशोधन सहकार्याची विनंती. पत्राच्या 'संदर्भ' मध्ये मी त्यांच्याच नकाराच्या पत्राचा जावक क्रमांक टाकला. ही युक्तीही बाबूंचीच. संदर्भ नसलेलं पत्र टेबलावर पोरकं पडून राहतं. संदर्भ असला की त्याला जुन्या नस्तीत जागा मिळते आणि कुणाला तरी टिपणी लिहावीच लागते.

सोबत नैतिकता समितीची मान्यता हवी होती. आमच्या कॉलेजात तशी समितीच नाही, दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जावं लागलं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी संमती माफ करून घेता येते. समितीतल्या एका बाईंनी मात्र चांगलं अडवलं: एखाद्या झोनमध्ये एखाद्या दिवशी ऐंशीच्या वरची एकच स्त्री गेली असेल, तर तुमच्या तक्त्यावरून तिचं घर ओळखता येणार नाही का? येईल. म्हणून लिहून दिलं की छापताना पाचापेक्षा लहान आकडा कुठल्याही चौकटीत दाखवणार नाही.

तापमानाचे आकडे हवामान विभागाच्या पुण्याच्या कार्यालयाकडून ऑनलाइन मागणी करून मिळाले. माहिती तिसऱ्याला देणार नाही असं हमीपत्र द्यावं लागलं. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मग डिसेंबर. डिसेंबरात नागपुरात ज्यांना सरकारी काम काढायचं असतं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. "अधिवेशन झालं की या." कोणी ड्यूटीवर, कोणी तारांकित प्रश्नांची उत्तरं जुळवण्यात. नंतर कळलं की आमची नस्ती त्या काळात हललीच नव्हती.

जानेवारीत कराराचा मसुदा आला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर (शंभरचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्येच संपले). बहुतेक अटी रास्त होत्या: इंटरनेट नसलेल्या संगणकावर काम, पेन ड्राइव्ह नाही, मी आणि माझे मार्गदर्शक सोडून कुणी फाइल उघडायची नाही, तीन वर्षांनी पुसून टाकायची. कलम नऊ वाचलं आणि थांबले. 'निष्कर्ष कार्यालयाच्या पूर्वपरवानगीने प्रसिद्ध करण्यात येतील.'

मी 'पूर्वपरवानगीने' खोडून 'पूर्वसूचनेने' लिहिलं. एवढ्याच बदलासाठी मला तीन आठवडे आणि पाच फेऱ्या लागल्या. एक साहेब म्हणाले, "अहो, परवानगी आम्ही देऊच की." मी म्हटलं, देणारच असाल तर मागायची कशाला? त्यांना ते उद्धट वाटलं असावं, आणि थोडं होतंही. मार्गदर्शक सर म्हणत होते, सही करून टाक, पुढचं पुढे पाहू. पण उद्या एखाद्या झोनचा आकडा अडचणीचा निघाला आणि तो दाबायला सांगितला, तर सहा महिन्यांच्या पायपिटीला काय अर्थ? शेवटी ठरलं ते असं: प्रसिद्धीच्या पंधरा दिवस आधी प्रत 'माहितीस्तव' द्यायची, ओळख उघड होत असेल तरच ते हरकत घेतील. मला ही अट मान्य होती. खरं तर ती माझ्या बाजूचीच होती.

मार्चमध्ये फाइल मिळाली. झोनची नावं कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये, उघडली की नुसती टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते एका दिवसात सुटलं. तारखांनी मात्र घाम फोडला. काही वर्षं दिवस आधी, काही वर्षं महिना आधी. ०६/०५ म्हणजे ६ मे की ५ जून? उन्हाळ्याच्या अभ्यासात पहिला अजून तापायचा, दुसरा भर नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आसपासचा. नोंदणी क्रमांक असता तर आजूबाजूच्या नोंदींवरून दोन मिनिटांत कळलं असतं. तो मीच तर वगळला होता.

परत गेले. बाबूंनी चष्मा कपाळावर ढकलला. "तुम्हीच म्हणाल्या नं मॅडम, नंबर नको म्हणून."

त्यांनी आणि ऑपरेटरने तीन शनिवार बसून मूळ रजिस्टर लावून तारखा दुरुस्त केल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आत रजिस्टर उघडं होतं आणि करारानुसार मला तिथे जाता येत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी त्यांच्यासाठी तर्री पोहे घेऊन गेले. ते घेताना त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

१४ नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदललं आहे. वैयक्तिक माहितीचा नकार आता आणखी सोपा झालाय, कारण त्या कलमातलंच सार्वजनिक हिताचं वाक्य गेलं. ८(२) तेवढं शिल्लक आहे. आमच्या विभागातली एक मुलगी गर्भवती स्त्रिया आणि उष्णता या विषयावर काम सुरू करते आहे. परवा मसुदा घेऊन आली, अकरा रकान्यांचा. मी तिला टपरीवर नेलं.

पेपर परीक्षणाला गेला आहे, म्हणून आकडे इथे लिहीत नाही. फाइल मार्च २०२८ मध्ये पुसायची आहे. तारीख कपाटाच्या दारावर चिकटवली आहे, महिना अक्षरांत लिहून.