टिओट्रोपियम: चिकटून राहण्याची करामत

धोत्र्याच्या पानांचा धूर ओढून धाप बसवण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मद्रासहून ब्रिटनपर्यंत पोचला. धोत्र्यातलं ॲट्रोपिन श्वासनलिका सैल करतं खरं, पण मेंदूतही शिरतं, आणि जास्त झालं की माणूस बरळायला लागतो. टिओट्रोपियम हे इनहेलरने ओढायचं, श्वासनलिका सैल करणारं औषध त्याच घराण्यातलं. फक्त त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनवर कायमचा धन प्रभार आहे. त्यामुळे ते मेंदूत जवळजवळ जात नाही आणि आतड्यातून जेमतेम २-३ टक्के शोषलं जातं. ओढण्यासाठी दिलेली पावडरीची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली तर काही उपयोग होत नाही, तो यामुळेच. ही चूक हास्यास्पद वाटते, पण इतकी घडते की अमेरिकेच्या एफडीएला (औषध नियामक संस्थेला) २००८ मध्ये तसा इशारा द्यावा लागला.

मेंदूकडून फुफ्फुसांपर्यंत येणारा व्हेगस मज्जातंतू ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतो. ते श्वासनलिकेच्या स्नायूवरच्या एम-३ रिसेप्टरला (निरोप झेलणाऱ्या जागेला) लागलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आवळतो, ग्रंथी कफ सोडतात. सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारात) फुटलेले वायुकोश परत येत नाहीत, पण ही आवळण सोडवता येते. नळी आधीच अरुंद असल्यामुळे तेवढ्या फरकानेही श्वास बराच हलका होतो.

मेख एम-२ मध्ये आहे. हा रिसेप्टर मज्जातंतूच्या टोकावर असतो आणि ॲसिटिलकोलीनला ब्रेक लावतो. तो अडवला तर ॲसिटिलकोलीन उलट जास्तच सुटतं. टिओट्रोपियमला ‘एम-३ सिलेक्टिव्ह’, म्हणजे एम-३ लाच निवडून धरणारं, म्हणतात ते अर्धवट आहे. ते एम-१, एम-२, एम-३ तिघांनाही जवळपास सारखंच चिकटतं. फरक पडतो सुटताना. प्रयोगशाळेतल्या सुरुवातीच्या मोजमापांत एम-३ वरून निम्मं औषध सुटायला सुमारे ३५ तास लागले, एम-२ वरून चारेक तास. त्याच घराण्यातलं जुनं औषध इप्राट्रोपियम एम-३ वरूनही अर्ध्या तासाच्या आत निम्मं सुटतं. म्हणून ते दिवसातून तीन-चारदा घ्यावं लागतं, आणि टिओट्रोपियम एकदाच.

पण अचानक धाप लागल्यावर टिओट्रोपियमचा जादा डोस ओढू नये. त्याचा असर अर्ध्या तासाने जाणवू लागतो आणि शिखर गाठायला तीनेक तास जातात. तोवर झटपट काम करणारं साल्ब्युटामॉलच हवं. टिओट्रोपियम चालू असताना त्यावर नेहमीसाठी इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशनही (यंत्राने औषधाची वाफ देणं) नको: रिसेप्टर आधीच अडवलेले असतात, हाती लागतो तो कोरडेपणा. दम्यात ते एकटं कधीच नको, स्टिरॉइडच्या इनहेलरच्या जोडीनेच.

कोरड्या पावडरीच्या कॅप्सूलमध्ये १८ मायक्रोग्रॅम असतात. भोक पाडणाऱ्या यंत्रात कॅप्सूल टोचून झाल्यावर आधी यंत्रापासून तोंड बाजूला घेऊन श्वास पूर्ण सोडा. यंत्रात फुंकलंत तर पावडर ओली होऊन आत चिकटते. मग ओठ घट्ट मिटून खोल श्वास ओढा. कॅप्सूलची खडखड ऐकू आली पाहिजे. श्वास दहा सेकंद किंवा जमेल तितका रोखा. आत पावडर उरतेच, म्हणून त्याच कॅप्सूलवर दुसऱ्यांदा ओढायचं. अनेकजण इथेच आळस करतात. कोकणातल्या पावसाळ्यात कॅप्सूल पाकिटातून आदल्या रात्री काढून ठेवू नका. दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात.

तोंड कोरडं पडणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. नंतर चूळ भरा, घोट घोट पाणी प्या. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबली तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. औषध बरंचसं मूत्रपिंडातून न बदलता बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या गाळण्याचं माप) मिनिटाला ६० मिली किंवा कमी असेल तर हे त्रास वाढतात का, यावर लक्ष हवं. हाताला लागलेली पावडर डोळ्यात गेली तर बाहुली मोठी होते, आणि अरुंद कोनाच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. डोळा लाल, दुखरा, दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.