मागच्या दारचा नळ

घरातल्या नळांमध्येही मानपान असतो. स्वयंपाकघरातला रोज पुसला जातो, न्हाणीघरातल्याला गरम-गार दोन्ही पाण्यांचे लाड. मागच्या दारच्या नळाला मात्र कुणी विचारत नाही. आत नवा बसला की उतरवलेला जुना बाहेर जातो. आमचा तसाच, पण अस्सल पितळी आणि वजनदार. भंगारचोराच्या नजरेत भरू नये म्हणून बाबांनी त्याला खिडक्यांचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला होता. त्या अवतारात त्याने बरीच वर्षं काढली.

मग तो गळू लागला. बारीक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक पडला तरी दिवसाचे 86,400, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी. गळका नळ दिसला की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याची मान पिरगाळतो. धुणं झालं की आई, कुंड्यांना पाणी घालून बाबा. आतला रबरी वायसर आधीच चेपलेला, त्यात हा जोर. नळ गळतो म्हणून आवळायचा आणि आवळल्यामुळे आणखी गळायचा.

खरं तर वायसर बदलला की काम भागतं. पाच-दहा रुपयांची ती काळी चकती. पण दुकानदार आता वायसर मागितला की नवा नळच पुढे करतो. शोधून आणलेला वायसर घातला तरी थेंब थांबेना. प्लंबरने आत बोट फिरवून निकाल दिला, "सीट खाल्लीय." वायसर ज्या पितळी काठावर टेकतो, त्याला कचकचीने बारीक चर पडला होता. तिथे नवा वायसर तरी काय करणार?

मग वरच्या टाकीचा कॉक बंद. नळ काढताना प्लंबर एका पान्याने भिंतीतला पाइप धरून ठेवतो आणि दुसऱ्याने नळ फिरवतो. नाहीतर गंजलेला जोड भिंतीच्या आत सुटतो आणि फरशी फोडायची वेळ येते. आट्यांवर पूर्वी सूत आणि सफेदा लावत. आता पांढरी टेफ्लॉन टेप, आणि तीही नळ आवळायच्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर बसवताना गोळा होऊन बाहेर येते. हे टेफ्लॉन 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना फ्रीजसाठी वायू शोधताना अवचित सापडलं. कुठला फ्रीज आणि कुठला आमचा धुण्याचा दगड!

नवा नळ पाव फेऱ्याचा आहे. आत रबर नाही, चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. बोटाने ढकलला की बंद. आईला हे पटत नाही. "एवढ्यात बंद झाला?" म्हणत ती अजून एक हिसका देतेच. त्याहून मोठी भीती बादलीची. धुणं झालं की रिकामी बादली नळाला अडकवायची आमच्याकडे पूर्वापार पद्धत आहे, आणि नव्या नळाची मान नाजूक आहे. शेजारी एक खिळा ठोकून दिलाय, बघू.