तुम्ही विचारलंत म्हणून: किचनला व्हिनिअर टिकतं का?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की हल्ली उत्तर देताना माझा आवाज आपोआप चढतो. विचारणाऱ्याचं बहुतेक सगळं ठरलेलं असतं. सागवान की अक्रोड, ग्रेन (लाकडाच्या रेषा) उभा की आडवा, मॅट की चकचकीत. माझ्याकडून फक्त "टिकेल हो" एवढंच हवं असतं. "कुठे लावताय त्यावर आहे" म्हटलं की चेहरा पडतो आणि पुढचा प्रश्न येतो, "मग कुठल्या कंपनीचं घेऊ?"

कंपनीने फारसा फरक पडत नाही. व्हिनिअर म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर खरं लाकूड, ३-४ मिमीच्या पातळ प्लायवर चिकटवलेलं. ते वरच्या अंगाने क्वचितच मरतं. मरतं ते कडेने, आणि दुकानात उभं राहून शीट बघताना कड कोणालाच दिसत नाही.

पूर्वी मी सरळ सांगायचे: मरीन (पाणी सोसणारा) प्लाय घ्या, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि निवांत राहा. त्यातलं अर्धं आजही खरं आहे. ७१०चा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, थर सुटता कामा नयेत. उरलेलं अर्धं कसं खोटं ठरलं, ते परळच्या एका फ्लॅटमधल्या सिंकखालच्या शटरवरून, म्हणजे कपाटाच्या दारावरून, सांगते.

किचन झालं त्याला दोन पावसाळे झाले होते. ओकचं व्हिनिअर, मॅट पॉलिश, आत १८ मिमीचा शिक्क्याचा मरीन प्लाय. बाकीची शटरं कालच लावल्यासारखी. सिंकखालच्या शटरच्या तळाशी मात्र करड्या-काळ्या रंगाची एक पट्टी वर चढलेली, सुमारे तीन बोटं. नखाने दाबलं की व्हिनिअर पापडासारखं कुरकुरायचं. घरातल्या काकूंचं म्हणणं, "आम्ही कधी पाणी सांडवलंच नाही." ते खरंही होतं. पाणी सांडलं नव्हतं, ओघळलं होतं. भांडी घासताना ओट्याच्या कडेवर येणारं पाणी ग्रॅनाइटच्या पट्टीखालून आत वळायचं आणि शटरवरून ओघळत तळाच्या कडेला थेंब होऊन लटकायचं. रोज, दिवसातून दोन-तीनदा.

मिस्त्रीने शटर काढून वर्तमानपत्रावर उलटं ठेवलं, तेव्हा सगळं एकदम दिसलं. लाकडी पट्टी तीन कडांना होती, तळाच्या कडेला नव्हती. "खालून कोण बघतंय?" पॉलिशही शटर टांगल्यावर मारलेलं, त्यामुळे स्प्रे गन तळापर्यंत पोचलीच नव्हती. तिथे प्लाय उघडा. तरीही मरीन प्लाय शाबूत होता, त्याचे थर घट्ट होते. सुटली होती ती त्याच्यावरची चार मिलिमीटरची शीट. कारण व्हिनिअर शीटचा स्वतःचा तळ बऱ्याचदा साध्या एमआर प्रतीच्या (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचा असतो, आणि ती मरीनवर चिकटवली होती साध्या पांढऱ्या गोंदाने. म्हणजे आत चिलखत आणि बाहेर सुती सदरा. माझ्या सल्ल्यात ही शीट कुठे नव्हतीच. शीटही बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या) तळाची मागता येते आणि गोंद पाणी सोसणारा वापरता येतो, हे मी कोणालाच सांगत नव्हते.

काळा रंग कुजल्याचा नव्हता. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. ओल आणि लोखंड मिळालं की ते शाईसारखं काळं पडतं. शीट दाबून ठेवायला मारलेले बारीक लोखंडी खिळे तिथेच राहिले होते, प्रत्येक खिळ्याभोवती एक काळं वर्तुळ.

बिजागरीची ३५ मिमीची भोकंही तशीच, कच्ची. आत बोट फिरवलं तर भुसा लागला.

दुरुस्तीचं काय झालं हेही ऐका, कारण लोक म्हणतात, "एक शटर बदललं की झालं." एक शटर बदलता येत नाही. आठ फुटी ओट्याखाली आडवा ग्रेन घेतला, तर सगळी शटरं ८ बाय ४च्या एकाच शीटमधून ओळीने निघतात आणि ग्रेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहतो. व्हिनिअरची सगळी गंमत त्यातच आहे. त्यातला मधला तुकडा गेला की नवी शीट दुसऱ्या झाडाची. म्हणून तेव्हापासून सांगत आले आहे की त्याच गठ्ठ्यातली पुढच्या नंबरची एक शीट जास्त घेऊन पलंगाखाली सपाट ठेवा. खरं तर हाही सल्ला लंगडाच. पलंगाखालच्या अंधारात शीटचा रंग बदलत नाही, बाहेरच्यांचा बदलतो. सागवान उजेडात सोनेरी होत जातं, अक्रोड फिकट होतं. चार वर्षांनी ठेवणीतली शीट ग्रेनने जुळेल, रंगाने नाही.

आता करायचं ते.

शटरच्या चारही कडांना ६-८ मिमीची लाकडी पट्टी, तळाला तर हवीच. पॉलिश शटर टांगण्याआधी, आडवं ठेवून, सहाही बाजूंना. बिजागरीची भोकं आधी पाडून घ्या, त्यात सीलर (ओल आत शिरू न देणारा लेप) भरा, मग पॉलिश. पुढे व्हिनिअर शीट लावली तर मागेही तशाच जाडीचं काहीतरी हवं. पुढे ४ मिमी आणि मागे नुसतं पातळ लायनर असलं की शटर धनुष्यासारखं वाकतं, मग बिजागरी कितीही पिळा, कोपरा बंद होत नाही. घाईत रबरवाला गोंद लावू देऊ नका. पॉलिशमधला थिनर आत शिरला की तो मऊ पडतो आणि व्हिनिअरवर फुगे येतात.

पॉलिशमध्ये किचनला पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. मेलामाइन स्वस्त आणि लवकर होतं, पण पिवळं पडतं आणि तडकतं. आणि इथे आपल्या मुंबईचा खास घोटाळा आहे: सगळ्यांना किचन गणपतीआधी हवं असतं. म्हणजे पॉलिश जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पीयूचा हार्डनर, म्हणजे पॉलिश कडक करणारा भाग, पॉलिशआधी हवेतल्या पाण्याशी भिडतो आणि टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे धरतो. मेलामाइन दुधाळ पडतं. शिवाय अशा हवेत लाकडातला ओलावाही १६ टक्क्यांच्या आसपास जातो. तो आत कोंडला जातो आणि डिसेंबरमध्ये लाकूड आकसतं, तेव्हा बारीक चिरा दिसायला लागतात. पॉलिशवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, तारीख तुम्हीच दिली होती. मे महिन्यात करा, नाहीतर दिवाळीनंतर. शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाणी लावू नका, वरून कोरडं वाटलं तरी.

ओट्याच्या पुढच्या पट्टीखाली, कडेपासून बोटभर आत, ग्रॅनाइटवाल्याकडून एक बारीक खाच मारून घ्या. पाणी तिथेच तुटून खाली पडतं, शटरकडे वळत नाही. दगड बसण्याआधी दहा मिनिटांचं काम आहे, बसल्यावर कोणी हात लावत नाही. शटर ग्रॅनाइटच्या कडेपासून निदान २० मिमी आत असू द्या. ओट्याखाली जुना कडप्पा असेल तर तो फोडू नका. त्याच्यावर फ्रेम बसवून नुसती शटरं व्हिनिअरची करा. गळकं सिंक कडप्प्याचं काही बिघडवत नाही.

वरच्या कपाटांना पाण्याची भीती नाही, वाफेची आहे. कुकर चिमणीखालच्या शेगडीवर ठेवा. उकडीच्या मोदकांचं झाकण उघडलं की वाफ सरळ तळाच्या कडेवर जाते, तिथे एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली की प्रश्न मिटतो. हळदीचे डाग फार मनाला लावून घेऊ नका. पीयूवर हळद वरवर बसते, आणि उरलेला पिवळेपणा उन्हाने बराच उडतो. घासणी मात्र लावू नका. पिळलेलं फडकं, साबणाचं पाणी, लगेच कोरडं. पुढे कधी पुन्हा पॉलिश करायचं झालं तर ४०० नंबरच्या पेपरने हलकंच खरवडायचं. अर्धा मिलिमीटरच आहे, कडेला पेपर जोरात फिरवला की खालचा प्लाय उघडा पडतो आणि तो रंगाने झाकला जात नाही.

राहिला सिंकखालचा भाग. वर्षभर मी सांगत होते की तिथे सनमायका लावा आणि बाकी व्हिनिअर ठेवा. मग कोणीतरी तसं करून फोटो पाठवला. वाहत्या ग्रेनच्या मधोमध दोन छापील शटरं, ठिगळ लावल्यासारखी. आता म्हणते, खाली सगळीकडे सनमायका, वर सगळीकडे व्हिनिअर. त्यावर एका काकांनी विचारलं, "मग नजर पडते ती खालीच, वर व्हिनिअर लावून दाखवायचं कोणाला?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांचं सिंक कोपऱ्यात आहे, भांड्यांना बाई येते, आणि ग्रॅनाइट बसायचाय. खाच मारून घ्या, एवढंच कळवलंय.