डास तेच, लाळही तीच

पावसाळा संपता संपता चिपळूणच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी तापाचीच गर्दी असते. त्या गर्दीत अडीच वर्षांचा एक मुलगा आला. उजवा डोळा पूर्ण मिटलेला, पापणी सुजून तांबडीलाल, पोटरीवर तळहाताएवढा टणक चट्टा, ताप १००च्या आसपास. जंतुसंसर्ग समजून कुणीतरी आधीच अँटिबायोटिक सुरू केलेलं. "डोळा वाचेल ना हो डॉक्टर?" आजींनी बसायच्या आधीच विचारलं. पापणीवर त्यांनी चंदन उगाळून लावलं होतं.

पोरगा मात्र माझा टॉर्च मागत होता. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, झालेलं मूल दुखऱ्या जागेला बोटही लावू देत नाही. हा तीच जागा करकरा खाजवत होता. पापणी हलकेच वर केली, आत बुबुळ स्वच्छ आणि सगळीकडे फिरणारं. आदल्या संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते आणि सकाळी हा असा उठला. जंतू शिरून सूज यायला सहसा दोनतीन दिवस जातात, इथे एका रात्रीत सगळं. भिंगातून पाहिलं तर पोटरीच्या चट्ट्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका.

१९९९ साली कॅनडातल्या विनिपेगच्या डॉक्टरांनी याला 'स्कीटर सिंड्रोम' असं नाव दिलं. डास चावल्यावर येणारी, तापासकट उठणारी मोठी ॲलर्जी.

"म्हणजे विषारी डास," आजी म्हणाल्या.

विष नाही आजी, लाळ. मादी डास चावते तेव्हा एका नळीने लाळ आत सोडते आणि दुसरीने रक्त ओढते. त्या लाळेत शंभराहून जास्त प्रथिनं असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काम एवढंच की आपलं रक्त गोठू नये. जखमी पेशींतून एडीपी नावाचं रसायन गळतं, ते रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंना (प्लेटलेट्सना) गोळा करतं. ॲपिरेज नावाचं विकर ते एडीपीच तोडून टाकतं. डी-सेव्हन जातीची काही प्रथिनं हिस्टामिन आणि सेरोटोनिन धरून ठेवतात, म्हणजे शीर आकसत नाही आणि खाजही लगेच सुटत नाही. आपल्याला कळेपर्यंत बाई पोट भरून गेलेली असते. सूज आणतं ते आपलंच शरीर, ही परकी प्रथिनं एकदा ओळखीची झाल्यावर.

हे सगळं आजींना पटलं नाही. "मी पण तिथेच बसले होते की. मला डास चावतच नाहीत."

त्या बोलत होत्या तेव्हाच त्यांच्या मनगटावर एक डास बसला. डेंग्यूच्या डासासारखे पांढरे पट्टे नव्हते, साधा क्युलेक्स जातीचा. मी बोटाने खूण केली, पण मारू नका म्हटलं. पोट लाल होऊन फुगेपर्यंत तो तिथेच होता. (मुलाचा बाप माझ्याकडे संशयाने बघत होता, आणि क्युलेक्समुळे पसरणारा फायलेरिया, म्हणजे हत्तीपाय, आठवला तर त्याचं चुकत नव्हतं.) डास उडाला. आजींच्या मनगटावर काहीही नाही: गांध नाही, खाज नाही. मुलाला तपासून, चिठ्ठी लिहून होईपर्यंतही नाही.

मग मी इतरांना विचारलं. बाप लग्नानंतर डब्लिनला गेलेला; त्याला चावल्याबरोबर गांध उठते, अर्ध्या तासात बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुळी येते. मुलगा तिकडेच जन्मला, गणपतीला पहिल्यांदा इकडे आला. चार महिन्यांच्या धाकटीच्या अंगावर एक डागही नव्हता, आणि आई सांगत होती की पाळण्यात डास रोज सापडतात. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने १९४६मध्ये हीच पायऱ्यांची उतरंड मांडली होती: आधी काहीच नाही, मग उशिराची सूज, मग लगेचची आणि उशिराची दोन्ही, मग फक्त लगेचची, आणि वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर पुन्हा काहीच नाही. पुस्तकात वाचलेलं होतं. एकाच घरातले लोक एका बाकावर बसून दाखवतील असं वाटलं नव्हतं.

अँटिबायोटिक बंद केलं. ॲलर्जीवरचं सेटिरिझिन, थंड पाण्याची घडी, पोटरीला सौम्य स्टेरॉइडचं मलम, आणि नखं कापा. सेटिरिझिनही हिस्टामिनलाच अडवतं, म्हणजे या एका बाबतीत डास आणि मी एकाच बाजूला. ताप वाढला किंवा डोळा हलेनासा झाला तर रात्रीसुद्धा फोन करा, असं बजावलं. फोन सकाळी आला: डोळा अर्धा उघडलाय.

निघताना आजींनी धाकटीकडे बोट दाखवलं. "हिला मग त्रास नाही ना?"

"आत्ता नाही. पण चावून घेत राहिली तर पुढची पाळी तिची. आणि डेंग्यूही डासाच्या लाळेतूनच उतरतो, त्याला सूज येण्या न येण्याशी देणंघेणं नाही."

"मग मच्छरदाणी दोन्ही पोरांना," आजी सुनेला म्हणाल्या, "आणि मला पण एक."