टेन्स आणि प्रकाश देणारा कंबरपट्टा कसा तपासला

कंबरदुखीसाठीच्या एकाच पट्ट्यात टेन्स, म्हणजे त्वचेवरच्या चिकट पॅडमधून दिलेले विजेचे सौम्य स्पंद, आणि दुखऱ्या जागी पडणारा प्रकाश असले की मोठी अडचण होते. टेन्सच्या मुंग्या लगेच जाणवतात, प्रकाशाचं मात्र काहीच कळत नाही. आराम पडला तर तो कशामुळे? म्हणून आधी नुसतं टेन्स, मग नुसता प्रकाश आणि शेवटी दोन्ही एकत्र, हा क्रम मी मोडला नाही.

अंगाला लावण्याआधी पॅडच्या जागी १,००० ओहमचा रेझिस्टर जोडून ऑसिलोस्कोपवर (विजेचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) स्पंद पाहिले, नंतर ५०० ओहमचा लावला. व्होल्टेज निम्मं झालं तर यंत्र करंट कायम ठेवतं, असा अर्थ. हे माहीत असायलाच हवं, कारण अशा यंत्राचा पॅड कडेने सुटला की तेवढाच करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि सुई टोचल्यासारखं होतं. जेल सुकलं की हेच होतं. त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. तेल किंवा बाम नको. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ आणि तीव्रता मुंग्या स्पष्ट जाणवतील पण स्नायू आखडणार नाहीत इतकीच. थोड्या वेळाने मुंग्या मंदावतात, कारण नसा सरावतात.

प्रकाशाचा हिशोब सोपा आहे. त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट पडत असतील, तर १२० सेकंदांत ६ ज्यूल होतात. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बहुधा जांभळट ठिपका दिसतो, पण त्यावरून दिवा चालू आहे एवढंच कळतं. शक्ती मोजायला पॉवर मीटरच लागतो. दिवे तापले की प्रकाश घटतो, तेव्हा काही मिनिटांनी पुन्हा मोजावं. पट्ट्याच्या उबेनेही कंबर मोकळी होते, त्यामुळे त्वचेलगतचं तापमानही लिहून ठेवावं.

वेदनेला ० ते १० मधला आकडा द्यायचा: वापराआधी, लगेच नंतर, दोन तासांनी आणि दुसऱ्या सकाळी. वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम मध्येच बदलले तर नोंदी वाया जातात. एका अंकाच्या फरकावर मी विसंबत नाही. दोन अंकांचा फरक टिकला तरच दखल घेतो. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असं सांगितलं आहे, तेव्हा अपेक्षा बेताचीच ठेवावी.

पेसमेकर असेल तर हा पट्टा लावूच नये. गरोदरपणात किंवा अपस्मार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर चाचणी सोडून तातडीने रुग्णालय गाठावं.