२२ फुटी फायबर होडी घेताना: तीन भाव, तीन वजनं, तीन चकत्या

होडी बांधणाऱ्या तिघांना एकच मागणी कळवली होती. २२ फुटी उघडी फायबर होडी, गिलनेटसाठी, मागे १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन. भाव आले १ लाख ५५ हजार, १ लाख ९० हजार आणि २ लाख ३५ हजार. वजन विचारलं तर पहिला म्हणाला अडीचशे किलो, दुसरा म्हणाला चारशेच्या आसपास, आणि तिसरा म्हणाला, "कधी मोजलं नाही, पण दगड आहे दगड."

आमच्याकडे धक्का नाही. होडी रोज वाळूवर ओढून घ्यावी लागते, म्हणून वजनाचा प्रश्न आधी. अडीचशे किलोची होडी ओंडक्यांवरून चार जण ओढतात, चारशेची असेल तर सहा जण लागतात आणि उधाणात तेही कमी पडतात. म्हणजे अडीचशेवाली घ्यावी, असं वाटणं साहजिक. पण फायबरच्या होडीचं वजन दोन गोष्टींचं असतं, काचेच्या धाग्यांचं आणि रेझिनचं. ताकद काचेची. रेझिन तिला नुसतं धरून ठेवतं. त्यामुळे ‘वजन किती’ एवढंच विचारून काही हाती लागत नाही, त्यात काच किती ते कळायला हवं.

आधी लांबीचा घोळ. पहिल्याची २२ फूट ही काठावरून, वळणासकट टेप टाकून मोजलेली होती. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकापासून ट्रान्समपर्यंत, म्हणजे मशीन अडकवतात त्या मागच्या फळीपर्यंत, सरळ दोरी धरली तर सव्वाएकवीस भरली. नऊ इंच म्हणजे फार नाही, पण पुढे नोंदणीच्या वेळी हेच नऊ इंच नडतात: बांधणाऱ्याच्या दाखल्यावर एक माप आणि तपासणीला आलेल्या माणसाच्या टेपवर दुसरं निघालं की अर्ज परत. रुंदी आणि खोलीही अशीच, बाहेरून बाहेर आणि आतून आत यात चार-पाच इंचांचा फरक पडतो. तिघांनाही लांबी सरळ रेषेत, रुंदी बाहेरून बाहेर आणि खोली मध्यावर काठापासून तळापर्यंत, अशी लिहून मागितली.

मग थरांची यादी. ‘सहा एमएम जाडी’ हे उत्तर चालवून घेऊ नका. जाडी नुसतं रेझिन ओतूनही येते. कोणत्या वजनाची मॅट (आखूड काचधाग्यांची चटई, वजन चौरस मीटरला), किती थर, रोव्हिंग (काचेच्या सलग धाग्यांचं विणलेलं कापड) किती थर, हे विचारायचं. दुसऱ्याने तळासाठी दिलेली यादी अशी होती: जेलकोट (बाहेरचा रंगीत रेझिनचा थर), ३०० ग्रॅमची एक मॅट, ४५० ग्रॅमच्या चार मॅट आणि त्यांच्या मधून ६०० ग्रॅमच्या रोव्हिंगचे तीन थर. बाजूंना यातली एक मॅट आणि एक रोव्हिंग कमी. यावरून घरबसल्या वजन काढता येतं. मॅट तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन पिते, रोव्हिंग साधारण तिच्याच वजनाइतकं. म्हणजे ४५० ची एक मॅट चौरस मीटरला दीड किलो, ६०० चं एक रोव्हिंग सव्वा किलोच्या आत, ३०० ची मॅट एक किलो, जेलकोट सहाशे ग्रॅम. तळाचा चौरस मीटर झाला ११.२ किलो, बाजूचा ८.५.

या मापाच्या होडीचा तळ साधारण ९ चौरस मीटर आणि दोन्ही बाजू मिळून ७. तळाचे १०१ किलो, बाजूंचे ६०. पठाणावर (तळाच्या मधल्या कण्यावर) आणि तळ-बाजूच्या कोपऱ्यावर जादा पट्ट्या येतात, त्यांचे २५. ट्रान्सम प्लायवूडसकट ३५. वाक (आतल्या फासळ्या), बसायच्या फळ्या, तरंगण्यासाठी भरलेल्या फोमवरची झाकणं मिळून ११०. काठ आणि त्यावरचं रबर ३०, फोम १९. बेरीज ३८०. या बांधणीची होडी अडीचशे किलोत बसूच शकत नाही. पहिला एकतर अंदाजाने बोलत होता किंवा थर खात होता. त्याच मोल्डमधली (साच्यातली) एक होडी शेजारच्या वाडीत होती. ती काट्यावर ३४५ भरली, तीही फोम नसताना!

आता चकत्या, थरांत काच खरंच किती ते जाळून बघायला. पाणी काढायच्या बुचासाठी होडीला मागे भोक पाडतात, आणि होल-सॉने पाडलेल्या भोकाची चकती खाली पडते. ती एरवी कचऱ्यात जाते. बुचाचं भोक लहान असतं, म्हणून प्रत्येकाकडे तळाच्याच थरांची, ५० मिलिमीटर व्यासाची चकती मागितली. काठ कापताना निघालेली पट्टी देऊ लागले तर घेऊ नका, काठाला थर वेगळे असतात. एकाने विचारलं, "दादा, चकतीचं करणार काय, लॉकेट?" दिली मात्र.

चकती सोनाराच्या काट्यावर तोलायची. मग उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून, पत्र्याच्या झाकणात ठेवून गॅसच्या बर्नरवर जाळायची. घरात अजिबात नको, धूर काळा, चिकट आणि घशाला वाईट असतो. वीसेक मिनिटांत रेझिन जळून जातं आणि काच उरते. काजळी पांढरी होईपर्यंत आच द्यायची, नाहीतर वजन चुकतं. गार झाल्यावर थर विड्याच्या पानांसारखे एकेक सुटे होतात: रोव्हिंगची विणलेली चौकट आणि मॅटचे विस्कटलेले केस डोळ्यांनी वेगळे दिसतात. थर मोजायचे आणि उरलेलं पुन्हा तोलायचं.

पहिल्याची चकती २१ ग्रॅम होती, उरली ५.१. काच २४ टक्के, रोव्हिंगचा एकही थर नाही, नुसत्या सहा मॅट. शिवाय झटकल्यावर बरीच पांढरी पूड पडली. थोडी पूड जेलकोटच्या रंगाची असतेच, पण एवढी पडली म्हणजे रेझिनमध्ये खडूची भुकटी मिसळून माल वाढवलेला. दुसऱ्याची २१.८ ग्रॅम, उरली ७.६, म्हणजे ३५ टक्के. आठ थर, यादीप्रमाणे. तिसऱ्याची २४ ग्रॅम, उरली ९.१, म्हणजे ३८ टक्के, आणि रोव्हिंगचा एक थर जास्त. पहिल्या दोन चकत्यांच्या वजनात एक ग्रॅमचाही फरक नव्हता. काचेत दीडपट होता.

मॅट आणि रोव्हिंग दोन्ही का लागतात, तर मॅटचे तुकडे आखूड असतात. ती जाडी देते, पाणी अडवते आणि दोन थर एकमेकांना चिकटवते. ताण घेतं ते रोव्हिंग, कारण त्याचे धागे सलग असतात. नुसत्या मॅटची होडी दिसायला सारखीच असते, पण वाळूवर आपटून आपटून दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात वाकांच्या कडेने तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात. उलट रोव्हिंगवर रोव्हिंग थेट ठेवलं तर ते सुटतं, मध्ये मॅट हवीच.

रेझिनमध्ये साधं आणि आयसो असे दोन प्रकार. आयसो महाग, पण पाणी कमी पितं. होडी रोज बाहेर ओढत असाल तर पूर्ण आयसोची गरज नाही. खाडीत बारा महिने पाण्यात उभी राहणार असेल तर निदान जेलकोट आणि त्याच्या आतली पहिली मॅट आयसोची घ्या, नाहीतर तळाला फोड येतात.

ट्रान्समवर लोक कमी लक्ष देतात आणि होडी तिथूनच मरते. आत १८ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय चिकटवून दोन्हीकडून फायबर, एकूण जाडी ४५ मिलिमीटरच्या आसपास. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, आणि तोही फायबरने झाकण्याआधी. साधा प्लाय मशीनच्या बोल्टच्या भोकातून पाणी पिऊन दोन पावसाळ्यांत फुगतो. भोक पाडल्यावर आतली लाकडाची कड रेझिनने बंद करायची, मग सीलंट, मग बोल्ट. ट्रान्समची उंचीही मशीनप्रमाणे हवी: शॉर्ट शाफ्टला (आखूड दांड्याच्या मशीनला) १५ इंच, लाँगला २०. पहिल्याच्या मोल्डमध्ये ती १८ होती, म्हणजे शॉर्ट लावलं तर पंखा हवा घेणार आणि लाँग लावलं तर दोन इंच उगाच पाण्यात ओढणार. मशीन आधी ठरवा. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ३६ किलोच्या आसपास येतं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ५० च्या पुढे. हा फरक अगदी शेपटावर बसतो, नाळ तेवढी वर उचलली जाते.

फोमबद्दल एकाने चक्क थर्माकोल सुचवलं. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, सांडलेलं पेट्रोलही तेच करतं. पीयू फोमच हवा, आणि तो बंद कप्प्यात. किती, याचा हिशेब सोपा आहे. होडी पाण्याने भरली तर तिचं फायबर पाण्यात एक तृतीयांश वजनाचं उरतं, म्हणजे सव्वाशे किलोच्या आत. त्यात मशीन आणि लोंबकळणारी माणसं धरली तरी अर्धा घनमीटर फोम पुरतो. त्याचं स्वतःचं वजन १९ किलो, तो उचलतो पावणेपाचशेच्या वर. फोम नाही म्हणून वजन कमी, असं सांगणाऱ्याकडून होडी घेऊच नये.

या बांधणीचंच कूळ मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पांगा म्हणून ओळखलं जातं (पंगा नव्हे). उंच नाळ, अरुंद तळ, मागे एक आउटबोर्ड, धक्क्याऐवजी वाळू. काठाखाली बाहेरून लांब फुगवटा असतो, तो होडी कलली की टेकू देतो. तिसऱ्याच्या मोल्डमध्ये तसाच फुगवटा होता. जाळं एका बाजूने ओढताना त्याचा फायदा आहे, पण वीसेक किलो वाढतात आणि जाळं त्याच्यावर घासतं.

आता भाव एका पातळीवर आणायचा. पहिल्याच्या १ लाख ५५ हजारांत फोम नव्हता, त्याचे १६ हजार. यादीप्रमाणे रोव्हिंग घालायचे १४ हजार. झाले १ लाख ८५ हजार. त्यावर मच्छीमारी होडीचा ५ टक्के जीएसटी, ९,२५०. वाहतूक १४ हजार. एकूण २ लाख ८ हजार २५०. दुसऱ्याच्या १ लाख ९० हजारांत फोम होता, जीएसटी ९,५०० आणि वाहतूक १२ हजार धरून २ लाख ११ हजार ५००. तिसऱ्याचा भाव सगळ्यासकट, किनाऱ्यावर पोच. ८० हजारांचं अंतर २६-२७ हजारांवर आलं, आणि पहिल्या दोघांत तर सव्वातीन हजार उरले. दुसऱ्याला आयसोची पहिली मॅट आणि जेलकोट यांचे ६ हजार आणि त्यावरचा जीएसटी वाढवून दिला आणि होडी तिथे बांधायला टाकली: २ लाख १७ हजार ८००. तिसऱ्याची होडी जास्त मजबूत होती यात वाद नाही. खडकाळ बंदर असतं तर तीच घेतली असती, पण वाळूवर ती सव्वाचारशेच्या पुढे जड पडली असती.

पैसे तीन टप्प्यांत. एक तृतीयांश मोल्डमध्ये थर सुरू होताना, एक तृतीयांश मोल्डमधून काढल्यावर आणि आतून रंग मारण्याआधी, उरलेला वजन केल्यावर. मधला टप्पा महत्त्वाचा. रंग नसताना फायबर अर्धपारदर्शक असतं. उन्हात आतून पाहिलं की हवेचे बुडबुडे आणि कोरडे राहिलेले पांढरट डाग सरळ दिसतात. रुपयाचं नाणं घेऊन तळ ठोकत जायचं: खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे थर सुटलेत. आम्हाला पठाणाजवळ वीतभर पट्टा बद्द लागला. तो घासून पुन्हा थर दिले. रंग मारल्यावर हे कुणी केलं नसतं.

वेळ चुकवू नका. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणून सगळे होड्या पावसाळ्यात बांधायला टाकतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत मागतात. दमट हवेत रेझिन नीट पिकत नाही, वर मोल्ड मोकळा करायची घाई. दोन दिवसांत काढलेली होडी पुढे वाकते. आमची जानेवारीत टाकली आणि सहा दिवस मोल्डमध्ये ठेवली. रेझिन पिकवणारा हार्डनर एक ते दोन टक्केच पडतो ना, हे बघा. लवकर सुटावी म्हणून जास्त घातला तर थर तापून ठिसूळ होतात. आणि हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर पिकावं म्हणून घालतात ते) एकत्र मिसळताना कुणी दिसला तर तिथून आधी लांब व्हा, ते दोन्ही थेट एकमेकांत गेले तर स्फोट होतो.

वजनासाठी ट्रकचा वजनकाटा चालतो, पण तो पाच-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो, आणि भरलेला नि रिकामा अशी दोनदा चूक जमा होते. त्यापेक्षा भंगारवाल्याकडचा लटकता काटा आणि चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) भाड्याने आणले. पट्टे नाळेखाली आणि ट्रान्समपुढे, आतलं पाणी पुसून, बूच काढून. ३८८ किलो.

गाडीवर चढवताना पठाणाखाली तीन ठिकाणी जुने टायर ठेवले. दोनच टेकू दिले तर मधला तळ प्रत्येक खड्ड्यात झोके घेतो. काठावरून पट्टा ताणून आवळायचा नाही, त्याने बाजू आत येतात. पट्टा बाकाच्या फळीवरून घ्या. मागे बाहेर आलेल्या भागाला लाल फडकं. आणि निघण्याआधी बांधणाऱ्याचा दाखला, मापं, होडीचं बिल, मशीनचं बिल आणि त्यावरचा मशीन नंबर एकमेकांशी ताडून घ्या. ऑनलाइन नोंदणीच्या अर्जाला हीच कागदपत्रं लागतात. आमच्या दाखल्यावर खोली आतून लिहिली होती, ती तिथेच बदलून घेतली.